एचजीआर १५ एलएम रेल: दहा महिने सागावर चालवल्यानंतर

वडिलांचं सुतारकाम कोल्हापुरात. देव्हाऱ्यांच्या जाळ्या मी घरी बांधलेल्या सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कोरकामाच्या मशीनवर, कापते. पहिल्या मशीनला सरकण्यासाठी एसबीआर १६ चे गोल रॉड होते. एमडीएफवर (दाबून केलेल्या लाकडी बोर्डावर) ते बरे चालले; सागात ६ मिलिमीटरचा कटर घातला की जाळीच्या कडेला बारीक लाटा उठायच्या. गँट्री (कटर धरणारी, सरकणारी आडवी चौकट) हातानं हलवली तरी प्ले, म्हणजे ढिलेपणा, कळायचा. बेअरिंगचा स्क्रू आवळून तो घालवला, तर सरकणंच जड व्हायचं.

म्हणून एचजीआर १५ एलएम रेल घेतल्या: पोलादी पट्ट्या, ज्यांवरून छर्रे भरलेले ब्लॉक सरकतात. माप तैवानच्या हायविनचं, माल बिनब्रँडचा. रॉडच्या जवळजवळ दुप्पट पैसे पडले. दर ६० मिलिमीटरला एम ४ बोल्टचं भोक. ब्लॉक फ्लँजवाले (दोन्ही बाजूंना रुंद कड असलेले) घेतले, बोल्ट घालायला सोपे.

चूक मी फ्रेममध्ये केली. ६० बाय ४० चे लोखंडी पाइप वेल्ड केले आणि थेट त्यांवर रेल आवळल्या. वेल्डिंगनं पाइप ओढले गेले होते. सरळपट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) घातला, तर मधोमध ०.३ मिलिमीटरची फट. रेल हातात कितीही ताठ वाटली, तरी बोल्ट आवळले की खालच्या लोखंडाचा बाक घेते. ब्लॉक टोकाला पळायचे, मध्ये अडकायचे. शेवटी पाइपांवर १० मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या वेल्ड केल्या, अख्खी फ्रेम उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, नेली आणि दोन्ही पट्ट्या एकाच सेटिंगमध्ये मिलिंग करून, म्हणजे मशीनवर सपाट तासून, घेतल्या. या मशीनवरचा सगळ्यांत सार्थकी लागलेला पैसा तोच.

मग एक रेल पक्की केली. तिच्या ब्लॉकवर डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) बसवून टोक दुसऱ्या रेलच्या कडेला टेकवलं आणि एकेक बोल्ट आवळत गेले. मीटरभरात काटा ०.०२ मिलिमीटरच्या आत राहिला. आता जाळीच्या कडेला वडील १२० चा खरखरीत पॉलिशपेपर लावतच नाहीत, थेट बारीक २२० नं सुरुवात करतात.

जवळ मिलिंगची सोय नसेल, तर फ्रेमसाठी अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइल (बोल्टनं जोडायचे तयार खाचांचे दांडे) घ्या. त्याच मापात ताठपणा लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश, पण वेल्डिंग नाही, त्यामुळे ओढलं जाणं नाही.

रेलबद्दल तक्रारी दोन. ब्लॉकमध्ये नुसतं गंज न लागण्याचं तेल होतं. लिथियम ग्रीस मीच भरलं. आणि भोकांची प्लॅस्टिकची टोपणं पाकिटात कमी निघाली. ती लावाच, नाहीतर भुसा भोकांत साचून ब्लॉकच्या सीलखाली जातो. ब्लॉक रेलवरून काढताना सोबतची प्लॅस्टिकची पट्टी टोकाला लावूनच सरकवा. माझा एक तसाच निघाला आणि छर्रे फरशीवर पसरले; सगळे काही मिळाले नाहीत, तो ब्लॉक बदलावा लागला.

दिवाळीआधी मोठ्या टेबलासाठी दीड मीटरच्या याच रेल मागवणार आहे. फ्रेम मात्र या आठवड्यातच मिलिंगला जातेय.