समुद्रकाठच्या चेन हॉटेलात आठ महिने: खाऱ्या हवेत काय टिकतं, काय नाही

आधीच सांगते, हा एका वीकेंडचा अनुभव नाही. कामानिमित्त आठ महिने मी समुद्रकाठच्या एका सुट्टीच्या ठिकाणी ये-जा करत होते. महिन्यातून दोनदा, दर वेळी तीन-चार रात्री, मुक्काम एकाच मध्यम दराच्या चेन हॉटेलात. एकूण ५४ रात्री आणि पाच वेगवेगळ्या खोल्या. दोन फेऱ्यांना नवरा आणि मुलंही बरोबर होती. हॉटेलचं नाव देत नाही, कारण इथे जे लिहिणार आहे ते समुद्राला लागून असलेल्या अशा बहुतेक हॉटेलांना लागू पडेल.

चेन हॉटेल का घेतलं? रात्री नऊला थकून पोचल्यावर मला सगळं ओळखीचं हवं असतं. दिव्याचं बटण कुठे, गरम पाणी यायला किती वेळ, उशी कशी, यात डोकं घालायला लागू नये. ही गरज जुनीच आहे. अमेरिकेतले व्यावसायिक केमन्स विल्सन १९५१ मध्ये मुलाबाळांना घेऊन गाडीने प्रवासाला निघाले, तेव्हा वाटेतल्या मोटेलांत खोली कशी निघेल याचा भरवसा नव्हता आणि वर मुलांचे वेगळे पैसे मोजावे लागत होते. त्या वैतागातून १९५२ मध्ये मेम्फिसला पहिलं हॉलिडे इन उभं राहिलं. कुठेही गेलं तरी तशीच खोली, हा आजच्या चेन हॉटेलांचा साचा बराचसा तिथूनच आला.

पण एक गोष्ट मला दुसऱ्या महिन्यात कळली. पुष्कळ चेन हॉटेलांची इमारत कंपनीची नसतेच. मालक वेगळा असतो, पाटी कंपनीची असते. गादी कशी हवी, टॉवेल किती द्यायचे, बुकिंग कुठून घ्यायचं, हे कंपनी ठरवते आणि त्याची फी मालकाकडून घेते. गंजलेला स्क्रू या महिन्यात बदलायचा की पुढच्या, हे मात्र मालकाच्या हातात. समुद्रापासून लांब असलेल्या शहरात हा फरक फारसा जाणवत नाही. समुद्राकाठी तो रोज हाताला लागतो.

पहिली खोली तळमजल्यावरची. दार उघडलं की समोर हिरवळ आणि पलीकडे वाळू. फोटो बघून मीच ती मागून घेतली होती. आत पाऊल टाकलं आणि बरेच दिवस बंद असलेल्या कपाटाचा वास आला. मुलाला दमा आहे, त्यामुळे हवेतली आर्द्रता मोजायचं छोटं मीटर माझ्या पर्समध्ये कायम असतं. आकडा ७८ टक्के. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला चांगलंच फावतं. एसी लावला, खोली गार झाली, पण चादर अंगाला दमटच लागत होती.

दुसऱ्या दिवशी मेंटेनन्सचे काका आले. त्यांनी एसीचं तापमान तसंच ठेवलं आणि फक्त पंख्याचं सेटिंग ‘ऑन’वरून ‘ऑटो’वर नेलं. कारणही समजावून सांगितलं. कॉम्प्रेसर चालू असतो तेव्हा हवेतलं पाणी थंड कॉइलवर जमतं आणि नळीतून बाहेर जातं. कॉम्प्रेसर थांबला आणि पंखा मात्र फिरतच राहिला, तर कॉइलवरचं तेच पाणी उडून परत खोलीत येतं. ‘ऑटो’वर पंखाही थांबतो आणि पाणी निथळून जायला वाव मिळतो. संध्याकाळी मीटर ६६ वर होतं. इतकी वर्षं हॉटेलांत राहून मला हे माहीत नव्हतं. आता कुठेही गेले की बॅग ठेवण्याआधी ते बटण बघते.

तरी तळमजला तो तळमजलाच. पुढच्या फेरीला चौथा मजला मागितला आणि तिथून खरी गोष्ट सुरू झाली.

चौथ्या मजल्यावरच्या खोलीत एसी मध्येच बंद पडायचा. मी तीन वेळा रिसेप्शनला फोन केला. तिन्ही वेळा कुणीतरी आलं, रिमोट दाबून बघितला, एसी चालू झाला, माणूस गेला, अर्ध्या तासात एसी पुन्हा बंद. चौथ्यांदा तेच काका आले आणि एसीकडे न बघता थेट बाल्कनीच्या सरकत्या दारापाशी गेले. अशा खोल्यांत बऱ्याचदा दाराच्या चौकटीत एक छोटा स्विच असतो. दार उघडं राहिलं तर तो एसी बंद करतो, म्हणजे वीज वाया जात नाही. माझं दार मला बंद वाटत होतं, पण चौकटीला पूर्ण टेकत नव्हतं. करंगळी जेमतेम शिरेल एवढी फट राहत होती.

काकांनी मला खाली वाकून रुळाकडे बघायला सांगितलं. ॲल्युमिनियमच्या रुळात बारीक वाळू होती आणि तिच्यावर पांढरी, खरखरीत पूड. पुडीतलं काही मीठ होतं, आणि काही मिठाने खाल्लेल्या ॲल्युमिनियमचा भुगा. खालची दोन चाकं त्या थरात रुतून फिरायची थांबली होती, त्यामुळे दार नुसतं घासत होतं. त्यांनी जुन्या टूथब्रशने रूळ खरवडला, बाटलीतलं साधं पाणी ओतलं, फडक्याने टिपलं, पुन्हा ओतलं, पुन्हा टिपलं. मी म्हटलं, थोडं तेल घाला ना. ते म्हणाले, तेल घातलं की वाळू आणखी चिकटते. कोरडं झाल्यावर सिलिकॉनचा स्प्रे मारला आणि दार एका बोटाने ढकललं. ते सरकत गेलं आणि टक करून बसलं. त्या क्षणी लाटांचा आवाज निम्म्यावर आला. त्या रात्री मीटर ५४ वर होतं आणि एसी एकदाही बंद पडला नाही.

या खोलीतला कोंदट वास, एसीची तक्रार, रात्री झोपमोड, या तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत असं मी धरून चालले होते. तिन्हींचं मूळ त्या रुळातल्या मिठात होतं. म्हणून आता समुद्रकाठच्या कुठल्याही खोलीत शिरल्यावर मी सगळ्यात आधी बाल्कनीचं दार पूर्ण उघडून पूर्ण लावून बघते. ते एका हाताने लागलं तर बाकीच्या खोलीचीही निगा होत असणार, असा माझा अनुभव आहे. पाचही खोल्यांत तो खरा ठरला.

बाल्कनीच्या कठड्याबद्दलही सांगायला हवं. दुपारी तो कोरडा असतो, रात्री हात ठेवला की चिकट लागतो. मला वाटायचं कुणी काहीतरी सांडलंय. खरं कारण असं की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेत ओलं होतं. म्हणजे कठड्यावरचा मिठाचा थर रोज रात्री खारं पाणी होतो आणि रात्रभर धातूवर बसून राहतो. गंज लागायला आणखी काय हवं? यावर सोपा उपाय एकच, गोड्या पाण्याने वरचेवर धुणं. या हॉटेलात पहिले तीन मजले नियमाने धुतले जायचे, कारण पाइप तिथपर्यंत सहज पोचायचा. वरच्या मजल्यांवर ते कुणाच्या लक्षात राहील त्यावर अवलंबून.

स्टेनलेस स्टीलला गंज लागत नाही हाही माझा गैरसमज होता. नेहमीच्या ३०४ ग्रेडच्या स्टीलवर समुद्राकाठी चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग पडतात. ३१६ ग्रेडमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठापुढे जास्त तग धरतं, पण महाग पडतं. तिसऱ्या खोलीत कठडा धरून हलवला (मुलं बरोबर असली की मी हे करतेच) आणि भिंतीजवळची पट्टी चक्क हलली. स्क्रूची डोकी गंजून पातळ झाली होती. मी लगेच खाली कळवलं. मॅनेजर स्वतः वर आला, दहा मिनिटांत बाल्कनीला कुलूप लावलं आणि आम्हाला शेजारची खोली दिली. कुठलीही खळखळ केली नाही. हे मी मनापासून नोंदवते, कारण पोरं कठड्याला लटकतात आणि खाली चार मजले असतात.

खोली कुठल्या बाजूची घ्यावी? समोरचा सी-व्ह्यू सुंदर आहे, त्याबद्दल वादच नाही. वाळूवर उभं राहिलं तर क्षितिज साधारण साडेचार किलोमीटरवर असतं, १५ मीटर उंचीवरून तेच जवळपास १४ किलोमीटरवर जातं, आणि सकाळी हा फरक डोळ्यांना खरोखर जाणवतो. पण वाऱ्याचा विचार करा. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते इथे नाकाने समजलं. दिवसा वारा समुद्रावरून येतो, समोरच्या खोल्यांना मोकळी हवा मिळते. रात्री जमीन लवकर थंड होते आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हॉटेलचं स्वयंपाकघर मागच्या बाजूला असल्याने पहाटे तळणाचा वास थेट माझ्या बाल्कनीत. बाजूच्या खोलीत, जिथून समुद्र तिरका दिसतो, हा त्रास जवळजवळ नव्हता, मीठही कमी साचायचं आणि भाडंही कमी होतं. पाचव्या महिन्यापासून मी तीच बाजू मागून घ्यायला लागले. फक्त लिफ्टजवळची खोली आणि जोडदाराची, म्हणजे शेजारच्या खोलीत उघडणारं दार असलेली खोली टाळा. जोडदारातून शेजारच्यांचा टीव्ही शब्दन्‌शब्द ऐकू येतो.

‘बीचफ्रंट’ या शब्दावर विसंबून जाऊ नका. वेबसाइटवरच्या फोटोत जो रुंद किनारा दिसतो तो ओहोटीचा असतो. आम्ही मुलांना घेऊन गेलो ती पौर्णिमा होती, उधाणाच्या भरतीत पाणी पार हॉटेलच्या पायऱ्यांना लागलं आणि वाळूचा किल्ला करायला जागाच उरली नाही. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पुढच्या वेळी मी तारखा ठरवतानाच भरती-ओहोटीचं कोष्टक बघितलं आणि भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत गेले. भांगाला पाणी फार वर चढत नाही आणि फार मागेही हटत नाही, त्यामुळे दिवसभर किनाऱ्यावर मुलांना खेळायला जागा राहिली.

एक गोष्ट ऑफ-सीझनला जाणाऱ्यांसाठी. गर्दी नसताना काही खोल्या आठवडाआठवडा बंद असतात आणि नळातलं पाणी साचून राहतं. २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या कोमट, साचलेल्या पाण्यात लेजिओनेला जिवाणू वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जाऊ शकतो. म्हणून आल्या आल्या गरम आणि गार दोन्ही नळ काही मिनिटं सोडून द्या, शॉवरचं डोकं बादलीत किंवा खाली ठेवून, आणि तेवढा वेळ बाथरूमबाहेर उभ्या राहा. मी घरच्यांनाही हीच सवय लावली आहे.

सगळ्यात वाईट रात्र सहाव्या महिन्यातली. बुकिंग पक्कं होतं, पण पोचायला दहा वाजले आणि काउंटरवर कळलं की खोली शिल्लक नाही. हॉटेलं काही बुकिंग रद्द होतील हे गृहीत धरून जास्त बुकिंग घेतात आणि अंदाज चुकला की सगळ्यात उशिरा आलेला पाहुणा बाहेर जातो. मला दुसऱ्या हॉटेलात पाठवलं, टॅक्सीचे आणि त्या रात्रीचे पैसे त्यांनीच भरले, माफीही मागितली. तरीही अनोळखी रस्त्याने, एकटीने, बॅग घेऊन निघताना डोळ्यांत पाणी आलं होतं. तेव्हापासून उशीर होणार असेल तर दुपारीच फोन करून येण्याची वेळ सांगते आणि ज्याच्याशी बोलले त्याला ती बुकिंगवर लिहून ठेवायला लावते. पुन्हा तसं झालं नाही.

नाश्ता ठीक, रोज तोच. वाय-फाय चालतं. गादी उत्तम, पाठदुखी असूनही एकदाही तक्रार नाही. टॉवेल पुन्हा वापरा असं सांगणारं कार्ड बाथरूममध्ये असतं आणि मला ते पटतं, पण इथल्या हवेत ओला टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच राहतो. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन रात्रभर चालू ठेवला तर सकाळपर्यंत कसाबसा वाळतो.

तो गंजलेला कठडा आठवड्याभरात दुरुस्त झाला. आठव्या महिन्यात मुद्दाम तीच खोली मागितली आणि आधी बाल्कनीत गेले. कठडा घट्ट होता, दारही एका बोटाने सरकलं. पण नव्या स्क्रूंच्या कडांवर तपकिरी रंग धरायला सुरुवात झाली होती. मी जवळून फोटो काढला आणि काकांना दाखवला. त्यांनी खिशातून वही काढून खोलीचा नंबर लिहिला, त्यापुढे ‘३१६’ लिहिलं आणि म्हणाले, या वेळी मालकांकडून हेच मागवतो. पुढच्या महिन्याचं बुकिंग मी त्याच खोलीचं केलंय.