ट्वेल की गॅल : आंतरराष्ट्रीय कायद्यातल्या प्रबंधासाठी कोणती चौकट घ्यावी?

सायनॉप्सिसमधला 'सैद्धांतिक चौकट' हा रकाना बहुतेक जण शेवटी आणि घाईत भरतात. गाईडने सुचवलेलं नाव तिथे टाकायचं, लिटरेचर रिव्ह्यूत चार परिच्छेद लिहायचे आणि पुढच्या प्रकरणांत त्याचं नावही काढायचं नाही. व्हायवात परीक्षक नेमकं तिथेच पकडतात. आंतरराष्ट्रीय संस्था आणि विकास प्रकल्प असा विषय घेणाऱ्यांपुढे सध्या दोन चौकटी येतात, ट्वेल आणि गॅल. निवड करण्याआधी दोन्ही एकाच प्रकरणावर लावून बघाव्यात.

ओळख थोडक्यात. ट्वेल म्हणजे 'थर्ड वर्ल्ड अप्रोचेस टू इंटरनॅशनल लॉ'. १९९६-९७ च्या सुमारास हार्वर्डमध्ये जमलेल्या तरुण अभ्यासकांच्या गटातून हे नाव पुढे आलं. अँटनी अँघी, जेम्स गाथी, बालकृष्णन राजगोपाल आणि आपल्याकडचे बी. एस. चिमनी ही यातली ठळक नावं. वसाहतवाद हा आंतरराष्ट्रीय कायद्याच्या इतिहासातला अपघात नव्हता, सार्वभौमत्वाची कल्पनाच त्या व्यवहारात घडली, हा अँघींचा मुद्दा इथे पायाभूत आहे. गॅल म्हणजे 'ग्लोबल अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह लॉ'. बेनेडिक्ट किंग्जबरी, निको क्रिश आणि रिचर्ड स्टुअर्ट यांच्या २००५ मधल्या लेखाने ही चौकट रुळली. जागतिक बँकेसारख्या संस्था प्रत्यक्षात प्रशासनच चालवतात. मग निर्णयाची कारणं देणं, बाधितांचं ऐकून घेणं, फेरविचाराची सोय ठेवणं हे प्रशासकीय कायद्याचे नियम त्यांना का लागू नसावेत, असा तिचा प्रश्न.

आता फाइल उघडू. मुंबई अर्बन ट्रान्सपोर्ट प्रोजेक्ट, म्हणजे एमयूटीपी. २००२ मध्ये जागतिक बँकेने कर्ज मंजूर केलं. रेल्वे आणि रस्त्यांच्या कामांसाठी लाखाहून जास्त माणसं हलवायची होती. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यात दुकानं जाणाऱ्या कुर्ल्याच्या व्यापाऱ्यांनी २००४ मध्ये बँकेच्या इन्स्पेक्शन पॅनेलकडे, म्हणजे बाधितांच्या तक्रारी तपासणाऱ्या बँकेच्याच स्वतंत्र मंडळाकडे, धाव घेतली. मुद्दा अगदी रोकडा होता : मूळ दुकान कितीही मोठं असो, पुनर्वसनात मोफत मिळणार २२५ चौरस फूट, तेही जुनं गिऱ्हाईक जिथे फिरकणार नाही अशा ठिकाणी. पॅनेलने चौकशी केली. बाधित दुकानदारांची मोजणी आणि त्यांच्या उपजीविकेचा विचार यांत बँकेने स्वतःचीच धोरणं नीट पाळली नाहीत, असं अहवालात आलं. १ मार्च २००६ रोजी बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या भागांचे पैसे थांबवले आणि काही महिन्यांनी पुन्हा सुरू केले.

गॅलसाठी ही फाइल म्हणजे पर्वणीच. तक्रार, व्यवस्थापनाचं उत्तर, चौकशी अहवाल, कृती आराखडा ही सगळी कागदपत्रं बँकेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. कोणत्या टप्प्यावर कोणाचं ऐकलं गेलं, हे पानं उलटून दाखवता येतं. एका वर्षात एलएलएमचा प्रबंध उरकायचा असेल तर ही सोय लहान नाही. पण पॅनेलची कक्षाही त्याच कागदांतून कळते. ते फक्त बँकेने बँकेची धोरणं पाळली का, एवढंच तपासतं. एमएमआरडीएला (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला) किंवा राज्य सरकारला ते काही सांगू शकत नाही. शहराच्या वाहतुकीसाठी नेमकी हीच माणसं का हलवायची, हा प्रश्न तर त्याच्या तक्रार अर्जात मावतच नाही. तिथून पुढे ट्वेलचं काम सुरू होतं.

मात्र ट्वेलची खरी परीक्षा मुंबईत नव्हे, नर्मदेवर होते. १९८५ मध्ये सरदार सरोवरासाठी बँकेने ४५ कोटी डॉलर मंजूर केले. आंदोलनाच्या रेट्यामुळे बँकेला प्रकल्पाच्या स्वतंत्र फेरआढाव्यासाठी मोर्स समिती नेमावी लागली. १९९२ च्या अहवालात तिने बँकेला मागे हटायला सांगितलं आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज स्वतःच नाकारलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इन्स्पेक्शन पॅनेल स्थापन झालं. म्हणजे कुर्ल्याच्या दुकानदारांनी ज्या दारावर थाप मारली, ते दार उघडण्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीसारख्या, धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांचा मोठा वाटा होता. खुद्द मणिबेलीला त्याचा काय उपयोग झाला? बँक गेली, धरण चालूच राहिलं. ऑक्टोबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने बांधकामाला परवानगी दिली. न्या. भरुचा यांचं मत वेगळं होतं.

गॅलला ही गोष्ट अर्धीच सांगता येते, कारण बँक बाहेर पडली की तिचा विषयच संपतो. ट्वेलला पूर्ण सांगता येते, पण 'उत्तर विरुद्ध दक्षिण' एवढ्यावर भागणार नाही. इथे सार्वभौमत्व वापरून लोकांना पाण्याखाली घालणारं राज्य आपलंच होतं. विद्यार्थी इथे हमखास घसरतात. वॉशिंग्टनवर ताशेरे ओढताना हात सैल सुटतो आणि दिल्ली-गांधीनगरपाशी पेन अडखळतं. चिमनींनी तिसऱ्या जगाच्या सरकारांपेक्षा तिथल्या जनतेवर भर दिला आहे, तो भाग वगळून ट्वेल वापरायचं असेल तर न वापरलेलं बरं.

कामाचा बोजाही बघा. ट्वेलला अभिलेखागारं, १९७४ च्या 'नव्या आंतरराष्ट्रीय आर्थिक व्यवस्थे'च्या मागणीवरच्या संयुक्त राष्ट्रांतल्या चर्चा, आणि जमल्यास बाधितांच्या मुलाखती लागतात. पीएचडीची तीन-चार वर्षं हाताशी असतील तरच हे झेपतं. निव्वळ करार आणि निकालांचं विश्लेषण हा तिसरा रस्ता आहे. समुद्री सीमा किंवा गुंतवणूक लवाद असा विषय असेल तर तो पुरेसा आहे आणि त्यात कमीपणा काही नाही.

माझा कौल : एलएलएमसाठी गॅल, पण चिमनींचा २००५ चा टीकालेख सोबत ठेवून. प्रशासकीय कायद्याची ही भाषा प्रतिकाराच्या कामी येते आणि प्रतिकाराला व्यवस्थेत सामावून बोथट करायच्याही, हे त्यांनी त्यात दाखवलंय. त्यामुळे शेवटच्या प्रकरणाची बेगमी आपोआप होते. पीएचडीसाठी ट्वेल. आणि एमयूटीपीवर बरंच लिहून झालंय असं गाईड म्हणाले, तर जायकाच्या (जपानच्या सरकारी विकास-सहकार्य संस्थेच्या) कर्जावरची, पालघरमधून जाणारी बुलेट ट्रेन घ्या. जायकाचीही स्वतःची आक्षेप-प्रक्रिया आहे, आणि ती बँकेच्या पॅनेलशेजारी ठेवून वाचली तर तुलनेचं एक प्रकरण सहज उभं राहतं.