प्रेप स्कूलमध्ये दीड वर्ष: फी भरणाऱ्या बापाचा अनुभव

लेक सप्टेंबर 2024 मध्ये नववीला इथल्या एका खाजगी डे स्कूलमध्ये गेली. आता तिची दहावी संपायला तीन महिने उरलेत, पुढच्या वर्षाच्या करारावर सही करून झालीय, आणि मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी बाजूला घेऊन "कशी आहे हो शाळा? पैसे वसूल?" असं विचारतंच. दर वेळी अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकतो. शाळेचं नाव देणार नाही. लेक अजून तिथे शिकतेय आणि खाली तक्रारीही आहेत. न्यू जर्सी एवढं सांगितलं तरी पुरे.

पुण्यातल्या भावाला 'कॉलेज प्रिपरेटरी' (हेच ते 'प्रेप') म्हटल्यावर इंटिग्रेटेड कॉलेज आठवलं: सकाळी हजेरी, दुपारी जेईईचा क्लास. तसं काही नाही. डे स्कूल म्हणजे वसतिगृह नसलेली, मुलं संध्याकाळी घरी येणारी शाळा. आणि प्रिपरेटरी म्हणजे इथलं प्रत्येक मूल पुढे चार वर्षांच्या कॉलेजला जाणार हे धरून आखलेला अभ्यास. एसएटीची, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेची, तयारी करून घेणं हे शाळा आपलं काम मानत नाही. ते तुमचं तुम्ही बघा. पहिल्या पालकसभेत मी उभा राहून नेमका हाच प्रश्न विचारायला निघालो होतो. बायकोने कोट धरून खाली बसवलं.

आमच्या गावची सरकारी शाळा वाईट नव्हती. उलट तिच्यासाठीच तर आपली माणसं इथे घरं घेतात आणि अमेरिकेत सगळ्यात जड असलेला प्रॉपर्टी टॅक्स मुकाट भरतात. मग काढलं कशाला? लेक बोलत नव्हती म्हणून. वर्गात तीस मुलं, हिचे मार्क उत्तम, त्रास शून्य. अशा मुलीकडे शिक्षकाचं लक्ष जाणार कधी? रिपोर्ट कार्डावर वर्षानुवर्षं एकच छापील शेरा: 'ही वर्गात असणं आनंदाचं आहे.' सहावीपर्यंत मला ते कौतुक वाटायचं. मग एकदा मंडळात शेजारच्यांच्या मुलाचं कार्ड पाहिलं. त्यावरही अक्षरशः तेच वाक्य.

प्रवेशाचं थोडक्यात. आयएसईई नावाची परीक्षा द्यावी लागते, तिचा निकाल स्टॅनाइनमध्ये येतो, 1 ते 9. आपल्यासारख्या टक्केवारीत वाढलेल्या माणसाला 7 म्हणजे हसायचं की रडायचं हे कळत नाही. (ठीक असतं. रडू नका.) मुलीची मुलाखत, आमची वेगळी मुलाखत, दोन शिक्षकांची शिफारसपत्रं. मार्चमध्ये निर्णय आला.

आता अभ्यास. ऑक्टोबरमध्ये इंग्रजीचा पहिला निबंध परत आला: बी मायनस. आठवीपर्यंत ए सोडून दुसरं अक्षर न पाहिलेली मुलगी खोलीचं दार लावून बसली. मी निबंध वाचला. मला तर झकास वाटला. समासात मात्र शिक्षकांनी पेन्सिलीने तीन ठिकाणी एकच प्रश्न लिहिला होता: 'बरं, मग?' चूक दाखवलेली नाही, मार्क कुठे कापले तेही नाही. रात्री अकरा वाजता मी चार परिच्छेदांचा ईमेल लिहायला घेतला. बायको म्हणाली, "अरे, शाळेत ती जाते की तू?" तरी पाठवला. सकाळी दोन ओळींचं उत्तर हजर. लिहिल्याबद्दल आभार, आणि लेकीला शाळा सुटल्यावर माझ्याकडे यायला सांगा, मला तिच्याशी बोलायला आवडेल.

ती नऊ दिवस गेली नाही. दहाव्या दिवशी गेली. "काय सांगितलं सरांनी?" मी विचारलं. "काहीच नाही बाबा. मलाच विचारत बसले, तुला नक्की म्हणायचं काय होतं ते." ग्रेड काही बदलली नाही. पुढच्या निबंधाला बी, त्यापुढच्याला बी प्लस. ए मायनस उगवली एप्रिलमध्ये.

या शाळेच्या अपेक्षा म्हणजे काय, हे मला त्या दोन ओळींच्या ईमेलात समजायला हवं होतं, समजायला वर्ष गेलं. आमच्या वेळी 'अपेक्षित' म्हणजे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पाठ करायचे प्रश्न. इथे अपेक्षा एवढीच की मुलाने उठून जावं आणि विचारावं. शाळा सुटल्यावर प्रत्येक शिक्षक रोज अर्धा तास वर्गात बसून असतो. बोलवायला कोणी येत नाही. तहान तुमची, विहिरीपर्यंत चालायचं तुम्ही. आणि आईबापांनी घागर घेऊन पुढे पळायचं नाही, ही माझ्यासारख्याला सगळ्यात अवघड गेलेली अट.

वर्गात चौदा मुलं. इंग्रजी आणि इतिहासाच्या खोल्यांत बाक नाहीत, एकच मोठं लंबगोल टेबल आहे. ही पद्धत न्यू हॅम्पशायरमधल्या फिलिप्स एक्सेटर अकादमीची. 1930 मध्ये एडवर्ड हार्कनेस या धनिकाने तिला मोठी देणगी दिली, त्यातून ही पद्धत सुरू झाली, आणि म्हणून टेबलालाच हार्कनेस टेबल म्हणतात. आता अनेक प्रेप शाळांत ते दिसतं. शिक्षक बोलत नाहीत, मुलं बोलतात. शिक्षक कागदावर टेबलाचा नकाशा काढून कोण कोणाशी बोललं त्याच्या रेघा ओढतात. पहिल्या सहामाहीत लेकीच्या नावाकडून निघालेल्या रेघा दोन. पालकभेटीत तो कागद समोर ठेवला तेव्हा मला घाम फुटला. लंबगोल टेबलाला मागचा बाक नसतो, आणि माझं सगळं शिक्षण तर मागच्या बाकावर झालेलं.

त्याच भेटीत मी "वर्गात तिचा नंबर कितवा?" असं विचारून बसलो. नंबर काढत नाहीत. कॉलेजला पाठवायच्या कागदांतही नंबर नसतो. त्याऐवजी वर्षातून चार वेळा प्रत्येक शिक्षक एक परिच्छेद लिहितो, आणि तो छापील नसतो. नववीच्या विज्ञानाच्या बाईंनी लिहिलं होतं की प्रयोग फसला की ही आधी स्वतःला दोष देते, नंतर उपकरण तपासते. क्रम उलटा करायला शिकतेय. चौदा वर्षं घरात असून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. साताऱ्याहून आजीचा फोन येतो, "पहिली आली का गं?" लेक आता सांगते, "आजी, इथे कोणीच येत नाही." आजीला ही शाळा मुळीच पटलेली नाही.

आता तक्रार. सरकारी शाळेत लेकीचं आठवीला जॉमेट्री झालं होतं, वेगवान तुकडीतून. इथे ऑगस्टमध्ये लेव्हल ठरवायची परीक्षा घेतली आणि सांगितलं, जॉमेट्री पुन्हा करा, ऑनर्सची, म्हणजे वरच्या पातळीची. एवढे पैसे भरून एक वर्ष मागे? मी भांडलो, उपयोग झाला नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर दुसऱ्या वेळचं जॉमेट्री वेगळं होतं: तिथे सूत्रं घालून उत्तरं काढली होती, इथे सिद्धता लिहाव्या लागल्या, आणि त्या तिला येत नव्हत्या. तरी माझा राग आहे तो आहे. हिशेब करा: दहावीला अल्जिब्रा 2, अकरावीला प्रीकॅल्क्युलस, म्हणजे कॅल्क्युलस थेट बारावीत. गावच्या शाळेतल्या तिच्या मैत्रिणी ते अकरावीत उरकतील. मूल गणितात पुढे असेल तर करारावर सही करण्याआधी हे लेखी विचारून घ्या. आम्हाला नंतर कळलं.

एपीचे, म्हणजे शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीचे, विषयही इथे कमीच, आणि शिक्षकाच्या शिफारशीशिवाय बसता येत नाही. 'जितके एपी तितकं बरं' हे आपल्या लोकांत पक्कं बसलंय, म्हणून मीही कुरकुर केली. पण हे एकट्या या शाळेचं खूळ नाही. 2018 मध्ये वॉशिंग्टन परिसरातल्या आठ नामांकित खाजगी शाळांनी 2022 पर्यंत एपी अभ्यासक्रम बंद करून स्वतःचे आणायचे असं एकत्र जाहीर केलं होतं. एपीची परीक्षा बाहेरून देता येते, ती गोष्ट वेगळी.

भाषा म्हणून लेकीने लॅटिन घेतलं. मी कपाळाला हात लावला. मग एका रविवारी ती स्वयंपाकघरात 'पुएल्ला, पुएल्लाए, पुएल्लाए, पुएल्लाम' घोकत होती आणि माझ्या तोंडून आपोआप 'रामः रामौ रामाः' निघालं. तासभर आम्ही दोघं विभक्त्या जुळवत बसलो. लॅटिनमध्ये द्विवचन नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "लकी!" दीड वर्षात माझ्या शाळेतलं काही तिच्या उपयोगी पडलं ते एवढंच.

प्रत्येक चाचणीवर 'मी कोणाची मदत घेतली नाही, दिली नाही' अशा अर्थाचं वाक्य हाताने लिहून सही करायची. गृहपाठ मैत्रिणीबरोबर केला तर तिचं नाव वर टाकायचं. 'वही दे ना' संस्कृतीत वाढलेल्या मला आधी हे नाटक वाटलं. पण नववीत मी लॅब रिपोर्टचा शेवट 'जरा नीट' करून दिला, तर तिने तो पुसून आपलाच वेडावाकडा लिहिला. एआयमुळे यंदा मोठे निबंध वर्गातच पेनाने लिहून घेतात. तिचं अक्षर सुधारलंय.

दिवस मात्र फार लांब. सकाळी सातला बस, खेळ सक्तीचा, हिने क्रॉसकंट्री, म्हणजे लांब पल्ल्याचं धावणं, घेतलं, घरी यायला सव्वासहा. प्रत्येक विषयाचा पाऊण तास गृहपाठ असं शाळा म्हणते, इतिहासाचं वाचन असलं की त्याचे दोन तास होतात. साडेअकराच्या आत दिवा विझत नाही. रविवारची मराठी शाळा जानेवारीपासून सुटली. आधी 'हा आठवडा नको' झालं, मग कोणी विषयच काढला नाही. याचा दोष मी शाळेला देत नाही, पण किमतीत धरतो.

किंमत: वर्षाला 45 हजार डॉलरच्या वर, करांनंतरच्या पगारातून. पुस्तकं, लॅपटॉप, सहली निराळ्या. दुपारचं जेवण फीमध्ये आहे आणि चांगलं असतं. शरद ऋतूत देणगीसाठी फोन येतो. रकमेची सक्ती नाही, पण 'किती टक्के पालकांनी दिलं' हे छापतात, त्यामुळे आपण देतोच. आर्थिक मदत खरोखर मिळते, अर्ज लाजून टाळू नका. 529 नावाच्या, शिक्षणासाठी करसवलतीत पैसे साठवायच्या खात्यातून 2018 पासून शाळेच्या फीसाठीही वर्षाला 10 हजार काढता यायचे, 2026 पासून ती मर्यादा 20 हजार झालीय. आणि कोणी सांगत नाही अशी गोष्ट: हायस्कूल विनानफा तत्त्वावरचं, घरापासून अडीच मैलांहून लांब पण 20 मैलांच्या आत असेल तर बस देणं किंवा तिच्याऐवजी ठरावीक रक्कम देणं गावच्या स्कूल डिस्ट्रिक्टवर बंधनकारक असतं. बी-सिक्स-टी नावाचा फॉर्म असतो, तो वेळेत द्यायचा. आमचं पहिल्या वर्षी राहून गेलं.

'आयव्हीला, म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या कॉलेजला, लागेल ना?' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. कॉलेजचे सल्लागार अकरावीच्या हिवाळ्याआधी भेटतच नाहीत. एका सल्लागारामागे इथे चाळीसेक मुलं असतात. देशभरातल्या शाळांत सरासरी साडेतीनशेच्या वर आहेत, त्यामुळे फरक पडत असणार. पण 2023 मध्ये अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की एसएटीला सारखेच गुण असूनही वरच्या एक टक्का श्रीमंतांची मुलं आयव्हीच्या दर्जाच्या कॉलेजांत मध्यमवर्गीयांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात पोहोचतात. लेकीच्या वर्गात त्या एक टक्क्यातली मुलं आहेत. आम्ही तिच्या फीसाठी घरामागे लाकडी डेक बांधणं पुढे ढकललंय. फक्त आयव्हीसाठी हा खर्च करणार असाल तर माझं मत विचारू नका, डेक बांधा.

धाकटा सहावीत आहे, गावच्या शाळेत, ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवतो. तोही कोणाला काही विचारत नाही. बायको म्हणते, म्हणूनच त्याला तिथे घालायला हवं. लेक म्हणते, "नको बाबा, तो नऊ दिवस नाही, नऊ महिने जाणार नाही." अर्ज सातवी संपल्यानंतरच्या हिवाळ्यात भरायचा. आमचं अजून ठरलेलं नाही.