आर भाषेतले व्हेक्टर: आठ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

आकडेवारीच्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या आर या भाषेत सुटा आकडा असा प्रकारच नाही. नुसतं ५ लिहिलं तरी तो एक लांबीचा व्हेक्टर, म्हणजे एकाच प्रकारच्या घटकांची क्रमवार यादी, असतो. मॅट्रिक्स म्हणजे ओळी-रकाने सांगून ठेवलेला व्हेक्टर, आणि डेटा फ्रेमचा (म्हणजे तक्त्याचा) साधा कॉलम हाही व्हेक्टरच. म्हणून आठ महिने रोज आकडेवारीचं काम केल्यावर आरबद्दल जे मत बनतं, ते बहुतांशी व्हेक्टरबद्दलचंच असतं. वेग आणि सुटसुटीतपणा याबद्दल तक्रारीला जागा नाही. तक्रार आहे ती गप्प बसण्याबद्दल. जिथे एरर देऊन थांबायला हवं तिथे आर काहीतरी उत्तर देऊन मोकळी होते, आणि ते उत्तर दिसायला अगदी व्यवस्थित असतं.

आधी जे मनापासून आवडलं ते. फॅरनहाइटचे लाखभर आकडे सेल्सिअसमध्ये न्यायचे तर (एफ - ३२) * ५ / ९ एवढंच लिहायचं, लूप (एकेक आकडा घेऊन फिरणारी फेरी) नाही. आतलं काम सी भाषेतल्या कोडमध्ये होतं, त्यामुळे ते झटपट उरकतं. निवड करायची तर एक्स[एक्स > ४०]. ट्रू म्हणजे १ आणि फॉल्स म्हणजे ० धरलं जातं, म्हणून सम(एक्स > ४०) लिहिलं की चाळीसच्या वरचे किती ते कळतं आणि मीन(एक्स > ४०) लिहिलं की त्यांचं प्रमाण. ही एक गोष्ट अंगवळणी पडली की निम्मा कोड आपोआप गळून पडतो.

आता रीसायकलिंग. दोन व्हेक्टरांची लांबी वेगळी असेल तर आर लहानाला पुन्हा पुन्हा वापरून मोठ्याएवढं करते. पाच आणि दोन अशी लांबी असेल तर निदान वॉर्निंग येते. पण बारा आणि चार असेल तर भाग पूर्ण जातो, म्हणून एक शब्दही येत नाही. बारा महिन्यांच्या आकड्यांतून चुकून चारच आकडे वजा केले तरी बारा उत्तरं मिळतात. याचंच दुसरं रूप जास्त फसवं आहे. गटांचा व्हेक्टर "अ", "ब", "ब", "अ" असा आहे आणि त्यातले अ किंवा ब निवडायचेत. सवयीने गट == सी("अ", "ब") लिहिलं जातं (== म्हणजे 'समान आहे का', आणि सी() घटक जोडून व्हेक्टर बनवतं). उत्तर येतं ट्रू, ट्रू, फॉल्स, फॉल्स. चारही हवे होते, दोनच आले, कारण तिसऱ्या "ब"ची तुलना पुन्हा "अ"शी झाली. इथे दोन टक्केचिन्हांमधला 'इन' वापरायचा. एकाहून जास्त पर्यायांशी तुलना करताना == दिसलं की तिथेच थांबून तपासायचं.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र उणे इंडेक्सची (इंडेक्स म्हणजे चौकटी कंसात दिलेला घटकाचा क्रमांक). एक्स[-२] म्हणजे दुसरा घटक सोडून बाकीचे, इथवर छान. मग शंभरावरचे आकडे काढून टाकायला लोक, अट पाळणाऱ्या घटकांचे क्रमांक देणारा व्हिच वापरून, एक्स[-व्हिच(एक्स > १००)] लिहितात. एक्समध्ये १२, १५, २४० असेल तर १२ आणि १५ उरतात, बरोबर. पण १२, १५, ११ असेल, म्हणजे शंभरावरचं काहीच नसेल, तर व्हिच रिकामा व्हेक्टर देतो. रिकाम्याचं उणे रिकामंच, आणि रिकाम्या इंडेक्सने निवडलं तर हाती काहीच येत नाही. एकही आकडा काढायचा नव्हता आणि सगळेच गेले! चाचणीच्या डेटात मोठा आकडा असतोच, त्यामुळे ही चूक तिथे पकडली जात नाही. एक्स[!(एक्स > १००)] लिहा (! म्हणजे 'नाही'), प्रश्न मिटतो. व्हिच वाईट नाही, उणे न लावता वापरला तर उलट फायद्याचाच: एक्स[एक्स > ४०] मध्ये एनए (नसलेल्या किमती) तसेच शिरतात, एक्स[व्हिच(एक्स > ४०)] मध्ये गळतात.

एनएचं वागणं मला पटतं. एक जरी एनए असला तरी सम आणि मीन एनए देतात, म्हणजे वगळायचं की नाही ते आपल्याला ठरवावं लागतं. फक्त एक्स == एनए कधीच लिहू नका, त्याचं उत्तर नेहमी एनएच येतं. इज.एनए() वापरा.

मीन(१, २, ३) चं उत्तर १ येतं. मीन फक्त पहिलं आर्ग्युमेंट डेटा म्हणून घेतो. सम आणि मॅक्स मात्र तिन्ही घेतात, त्यामुळे गफलत होते. सी(१, २, ३) करूनच द्यायचं.

प्रकार बदलण्याकडे नीट लक्ष हवं. एका व्हेक्टरमध्ये एकच प्रकार राहतो: लॉजिकल (ट्रू-फॉल्स), इंटिजर (पूर्णांक), डबल (दशांश आकडे), कॅरेक्टर (अक्षरं) या क्रमाने सगळे वरच्या पायरीवर ढकलले जातात. हजार आकड्यांत एक "नोंद नाही" आला की सगळे अक्षरं होतात, आणि मग "९" आणि "१०" यांतला मॅक्स "९" येतो. फॅक्टर (गटांची नावं आतून क्रमांकांनी साठवणारा प्रकार) असेल तर आणखी जपून. ५०, १०, २० या फॅक्टरवर थेट अ‍ॅज.न्यूमेरिक() चालवलं तर ३, १, २ मिळतात, म्हणजे आतले क्रमांक. आधी अ‍ॅज.कॅरेक्टर(), मग अ‍ॅज.न्यूमेरिक().

लूप लिहावाच लागला तर व्हेक्टर सी() ने वाढवत नेऊ नका. दर फेरीला संपूर्ण व्हेक्टरची नवी प्रत बनते. आधीच न्यूमेरिक(एन) ने जागा करून मग भरत जा. फेऱ्यांसाठी १:लेंग्थ(एक्स) टाळा, कारण एक्स रिकामा असेल तर ते १, ० असं दोनदा फिरतं. सेक_अलाँग(एक्स) शून्य वेळा फिरतं, आणि तेच हवं असतं. १:एन-१ चा अर्थ (१:एन)-१ असा होतो, म्हणजे सुरुवात शून्यापासून. गंमत अशी की इंडेक्समध्ये शून्य मुकाट्याने वगळला जातो, म्हणून तिथे उत्तर बरोबर येतं आणि तीच ओळ लूपमध्ये गेली की घोळ होतो.

नव्या आवृत्त्यांत हे गप्प बसणं थोडं कमी झालंय. ४.२.० पासून इफच्या अटीत एकाहून जास्त लांबीचा व्हेक्टर दिला तर सरळ एरर येतो, ४.३.० पासून && ('आणि') लाही तोच नियम. रीसायकलिंगला असा चाप नाही, म्हणून बेरीज-वजाबाकीच्या आधी स्टॉपइफनॉट(लेंग्थ(ए) == लेंग्थ(बी)) ही, लांबी सारखी नसेल तर थांबवणारी, ओळ स्वतःच घालावी लागते.

एक्सचे घटक उलटसुलट क्रमाने देणाऱ्या सॅम्पल(एक्स) ची खोडही अजून तशीच आहे. गाळून गाळून एक्समध्ये एकटा १० उरला, तर तो १० मिळत नाही, १ ते १० हे सगळे आकडे उलटसुलट क्रमाने मिळतात. त्याऐवजी एक्स[सॅम्पल.इंट(लेंग्थ(एक्स))] लिहिलं की एक उरो वा हजार, निवड एक्समधूनच होते.