डोळ्यांची इमर्जन्सी ओपीडी: 5 पैकी 4 स्टार

बाळाला मांडीवर घेतलं होतं आणि त्याचं नख सरळ माझ्या उजव्या डोळ्यात. पाणी थांबेना, उजेड सहन होईना. आधी जिथे गेलो (नाव नाही घेत) तिथे ओरखडा आहे म्हणून मलम घातलं, वरून घट्ट पट्टी बांधली आणि घरी पाठवलं. सकाळी पट्टी काढली तर सगळं धूसर, एकाचे दोन दिसतायत, म्हणून इथे आलो.

इथे काउंटरवरच्या ताईंनी पहिलंच विचारलं, चष्म्याचा नंबर काढायचं ऑपरेशन झालंय का कधी? 9 वर्षांपूर्वी लेसिक केलेलं, पण खरं सांगतो मी स्वतःच विसरलो होतो, चष्मा गेला म्हणजे डोळा नॉर्मल असंच डोक्यात. हे ऐकल्याबरोबर रांगेतून काढून थेट कॉर्नियावाल्या (कॉर्निया म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) मॅडमकडे. त्यांनी स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून बघायचं यंत्र) बघितलं, फ्लॅप, म्हणजे लेसिकमध्ये कॉर्नियाचा पातळ पापुद्रा कापून उचलतात आणि परत बसवतात तो, सरकलाय आणि सुरकुत्या पडल्यात.

मला वाटायचं तो केव्हाच चिकटला असेल. तर म्हणे कडा भरून येतात पण आतल्या थरात पहिल्यासारखी ताकद परत येतच नाही, 10 वर्षांनंतरही मार लागून फ्लॅप सरकलेत लोकांचे. पीआरके (पापुद्रा न कापता वरूनच लेसर मारून नंबर काढायची पद्धत) केलेल्यांना फ्लॅपच नसतो त्यामुळे ही भानगड नाही. आणि पूर्वी नंबर काढायला कॉर्नियात ब्लेडने चिरा पाडून आरके करायचे ना, त्यांना जोरात मार बसला तर डोळा त्या जुन्या चिरांवरच फाटू शकतो. हे ऐकून घसाच कोरडा पडला माझा.

मग थेंब टाकून डोळा बधिर केला, फ्लॅप उचलला, खाली शिरलेल्या पेशी खरवडल्या (राहिल्या तर आतच वाढत जातात), धुतलं आणि परत जागेवर बसवून वर बँडेज लेन्स (डोळ्यावर पट्टीसारखी ठेवतात ती मऊ लेन्स). दुखलं नाही, पण ओल्या काचेवरून कोणीतरी बोट फिरवतंय असं दिसत होतं. झोपताना पट्टी अजिबात नाही, डोळ्याला न टेकणारं प्लास्टिकचं शील्ड. आता शेवटून दुसरी ओळ वाचता येते, रात्री दिव्यांभोवती थोडं वलय दिसतं अजून.

एक स्टार कापला तो थेंबांच्या कागदासाठी. अँटिबायोटिक कुठलं, स्टेरॉइड कुठलं, अक्षर लागेना, आणि फोन काही कोणी उचलत नाही. शेवटी बायकोने बाटल्यांवर स्केचपेनने 1 आणि 2 लिहिलं.