वाटाणा प्रोटीन पावडर: सहा-सात महिन्यांनंतर पोट काय म्हणतं

व्हे कॉन्सन्ट्रेटमधलं (दुधाच्या निवळीपासूनच्या प्रोटीन पावडरीतलं) लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, मला सोसत नाही, म्हणून गेल्या पावसाळ्यात पिवळ्या वाटाण्याच्या आयसोलेटवर, म्हणजे वाटाण्यातून वेगळ्या काढलेल्या प्रोटीनवर, आलो. चवीचं आधीच सांगून टाकतो: बिनफ्लेवरच्या पावडरीला कच्च्या वाटाण्याचा मातकट वास असतोच. नुसत्या पाण्यात ती घशाखाली उतरत नाही. ताकात जिरेपूड-मीठ घालून घुसळली की चालून जाते, तळाशी गाळ तेवढा बसतो.

सगळे विचारतात ते गॅसचं. वाटाण्याच्या उसळीने पोट गुडगुडतं, मग पावडरीने काय होईल? काही झालं नाही. कडधान्यांतल्या रॅफिनोज, स्टॅकिओज, व्हर्बास्कोज या शर्करा फोडणारं एन्झाइम आपल्या लहान आतड्यात नसतं. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जीवाणू त्या आंबवतात आणि वायू सुटतो. आयसोलेट बनवताना स्टार्च, चोथा आणि या विरघळणाऱ्या शर्करा बहुतेक निघून जातात. उरतं त्यात ८० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन.

गोम मात्र तिथेच आहे. पोट फुगत नव्हतं, पण महिन्याभरात खडा धरायला लागला, आणि वारा सरला की घरच्यांनी खिडकी उघडावी असा वास. सकाळी नाश्त्याच्या जागी नुसता शेक असायचा, म्हणजे जीवाणूंच्या वाट्याचा चोथा कारखान्यातच राहिलेला. चोथ्यातले तंतू मिळाले की जीवाणू त्यांच्यापासून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही आम्लं तयार करतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन ब्युटिरेट. तंतू नसले की तेच जीवाणू वरून न पचता आलेल्या प्रोटीनवर उतरतात. त्यातून अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड, पी-क्रेसॉल निघतात. वास त्यांचाच.

मग डोस दोन वेळांत विभागला आणि सकाळी मोड आलेल्या मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी सुरू केली. पंधरवड्यात फरक पडला. आतड्यातली वस्ती आहाराप्रमाणे काही दिवसांतच हलते, हे २०१४ च्या ‘नेचर’मधल्या अभ्यासात दिसलं होतंच. माझे नेमके कोणते जीवाणू वाढले, ते तपासायच्या किटवर मी पैसे घातले नाहीत. आज एक आणि उद्या दुसरं दाखवणाऱ्या रिपोर्टवरून मी काय ठरवणार?

‘वनस्पतीचं ते चांगलंच’ म्हणणाऱ्यांना स्टॅनफर्डची २०२० मधली चाचणी आवडते. ३६ जणांनी ८ आठवडे मांस आणि ८ आठवडे मुख्यतः वाटाणा प्रोटीनचे मांसपर्याय खाल्ले. मांसातल्या कार्निटिनसारख्या घटकांपासून जीवाणूंच्या मदतीने बनणारं टीएमएओ (हृदयविकाराच्या धोक्याशी जोडलं जाणारं रसायन) पर्यायांच्या काळात कमी राहिलं. आधी पर्याय खाऊन नंतर मांसाकडे वळलेल्यांत तर ते वाढलंच नाही, आणि मला हाच भाग सगळ्यात रंजक वाटतो. पण पैसा मांसपर्याय बनवणाऱ्या कंपनीचा होता, शिवाय तुलना मांसाशी होती. आपल्या वरणाशी नव्हती.

फ्लेवरच्या डब्यांपासून मी लांबच. एकात सुक्रालोज (कृत्रिम गोडवा) आणि इन्युलिन (जीवाणू आंबवतात असा तंतू) दोन्ही होतं. इन्युलिनने गॅस परत आला. सुक्रालोजबद्दल २०२२ च्या एका मानवी चाचणीत जीवाणूंमार्फत रक्तातल्या साखरेच्या प्रतिसादावर परिणाम दिसला आहे, तेव्हा लेबल वाचून घ्या.

घ्यावी का? दूध सोसत नसेल, व्यायाम असेल आणि जेवणातलं प्रोटीन पुरत नसेल तर हो. यात मेथिओनिन हे गरजेचं अमिनो आम्ल कमी असतं, पण भात-भाकरी खाणाऱ्याला ती चिंता नाही. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मी पुढचा डबा घेणार आहे, पण लहान आणि बिनफ्लेवरचा, फक्त व्यायामानंतरसाठी. नाश्त्याला मटकीच राहील, कारण ती स्वस्तही पडते.