फिनिक्सच्या उन्हात बारमाही हिरवं झुडूप: व्हॅलेंटाइन, ब्लू बेल्स की टेक्सस सेज?

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात फिनिक्स, चँडलर, गिल्बर्ट या पट्ट्यात घर घेतलं की दारासमोर खडी पसरलेली जागा आणि भिंतीलगत पाच-सहा झुडपांपुरती माती, एवढंच बहुतेकांच्या वाट्याला येतं. वर्षाचा पाऊस जेमतेम सात इंच. 2023 च्या उन्हाळ्यात तर पारा सलग 31 दिवस 43 अंशांच्या वर होता. अशा ठिकाणी पानं न गाळणारं, आटोपशीर आणि फुलणारं झुडूप शोधताना नर्सरीत तीन नावं पुन्हा पुन्हा समोर येतात: व्हॅलेंटाइन बुश (एरेमोफिला मॅक्युलाटा), ब्लू बेल्स (एरेमोफिला हायग्रोफाना) आणि टेक्सस सेज (ल्युकोफायलम फ्रुटेसेन्स), त्यातही त्याचा 'कॉम्पॅक्टा' हा बुटका वाण. पहिली दोन ऑस्ट्रेलियाची, तिसरं टेक्सस-मेक्सिकोकडचं. गंमत म्हणजे तिन्ही एकाच कुळातली आहेत, आणि 'सेज' म्हणवणाऱ्या तिसऱ्याचा खऱ्या सेजशी काही संबंध नाही.

बहुतेक जण फुलाचा रंग बघून निवडतात. खरा निर्णय मात्र दोन गोष्टींवर ठरतो: जागेची रुंदी आणि ते झुडूप ठिबकच्या कोणत्या व्हॉल्व्हवर बसणार, म्हणजे त्याला कोणत्या झाडांबरोबर पाणी मिळणार.

आधी टेप लावा

पाच गॅलनच्या कुंडीत तिन्ही गुडघ्याएवढीच दिसतात, आणि फसगत इथेच होते. ब्लू बेल्स दोन-तीन फूट उंच आणि तेवढंच रुंद होऊन थांबतं. व्हॅलेंटाइन चार-पाच फुटांचं होतं. 'कॉम्पॅक्टा'ही तेवढंच, पण त्याच्या शेजारी ठेवलेला 'ग्रीन क्लाउड' सहा-आठ फुटांवर जातो, तेव्हा सेज घेताना चिठ्ठीवरचं वाणाचं नाव वाचल्याशिवाय कुंडी उचलू नका.

ड्राइव्हवे आणि भिंत यांच्यात तीन फुटांची पट्टी असेल तर तिथे ब्लू बेल्सच. बाकीची दोन तिथे लावली तर दर दोन महिन्यांनी कात्री चालवावी लागेल आणि फुलं दिसणार नाहीत. वीस फुटांच्या रांगेला व्हॅलेंटाइनची चार झाडं पुरतात, ब्लू बेल्सची सहा-सात लागतात. भिंतीपासून व्हॅलेंटाइनचं खोड किमान अडीच फूट लांब हवं.

बहर कधी

व्हॅलेंटाइन जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत लाल-गुलाबी फुलतं. आजूबाजूला सगळं मरगळलेलं असताना हे एकटं रंगलेलं असतं, हमिंगबर्ड त्याच्यावर घिरट्या घालत असतात. उन्हाळ्यात ते नुसतं हिरवं. ब्लू बेल्स जवळजवळ वर्षभर थोडंथोडं फुलतं, वसंतात आणि पावसाळ्यानंतर जास्त; फूल नसलं तरी त्याची रुपेरी पानं जागा उजळून टाकतात.

सेजचा स्वभाव वेगळा. जून ते सप्टेंबर या मॉन्सूनच्या काळात हवा दमट झाली की ते अंगभर जांभळं होतं, आठ-दहा दिवस टिकतं आणि पुन्हा शांत. कोरड्या जुलैत फूल नाही म्हणून पाणी वाढवणारे पुष्कळ भेटतात. त्याने फांद्या लांबट आणि विरळ होतात, फूल येत नाही. हवेतल्या दमटपणाची भरपाई ठिबकने होत नाही.

पाणी: झुडपं इथेच मरतात

स्थिरावलेल्या वाळवंटी झुडपांना उन्हाळ्यात सात ते एकवीस दिवसांनी आणि हिवाळ्यात तीस ते पंचेचाळीस दिवसांनी पाणी, पण दीड-दोन फूट खोल मुरेल इतकं, हा इथला सर्वमान्य हिशोब. चार लिटर ताशीचे दोन ड्रिपर दोन तास चालवा, मग दोन फुटांची लोखंडी सळई जमिनीत दाबून बघा. ओल्या मातीत ती सहज जाते, कोरडी लागली की अडते. त्यावरून वेळ कमी-जास्त करा. रोज दहा मिनिटांचं ठिबक सर्वात वाईट: मुळं वरच राहतात आणि क्षार साचतात.

चुका पोटात घालण्यात सेज आणि व्हॅलेंटाइन उदार आहेत, ब्लू बेल्स अजिबात नाही. गरम, सतत ओल्या मातीत त्याला मूळकुज होते. पहिलं लक्षण म्हणजे पानं मलूल होणं, म्हणजे दिसायला अगदी तहान लागल्यासारखं. मालक आणखी पाणी सोडतो आणि आठवड्यात झाड वाळून जातं. मलूल दिसलं की आधी चार इंच उकरा. माती ओली असेल तर व्हॉल्व्ह बंद. लिंबू, गुलाब किंवा हिरवळ ज्या व्हॉल्व्हवर आहे त्याच व्हॉल्व्हवर ब्लू बेल्स लावायचंच नाही. स्वतंत्र व्हॉल्व्ह शक्य नसेल तर व्हॅलेंटाइन घ्या.

लावताना

ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, म्हणजे मे उजाडेपर्यंत मुळं खोल गेलेली असतात. खड्डा हुंडीच्या, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या, दुप्पट-तिप्पट रुंद, खोली मात्र हुंडीएवढीच. वरचा भाग जमिनीपासून इंचभर उंच राहू द्या. कंपोस्ट घालू नका, ते खड्ड्यात पाणी धरून ठेवतं. खणताना पहार ठणकली तर तो कॅलिचे, म्हणजे चुनखडीचा सिमेंटसारखा थर. खड्डा पाण्याने भरा. चार तासांत चार इंचही उतरलं नाही तर थर फोडा किंवा जागा बदला. माती अल्कधर्मी असल्याने कोवळ्या पानांवर केवडा पडतो, म्हणजे पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या. लोह मातीत असतं, पण मुळांना उचलता येत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, द्या, पण आधी पाणी कमी करा. ओल्या मुळांमुळेही हेच दिसतं.

कात्री

व्हॅलेंटाइनची छाटणी वर्षातून एकदाच, बहर संपल्यावर एप्रिल-मेमध्ये. त्यानंतर केली तर पुढच्या हिवाळ्याच्या कळ्याच कापल्या जातात. झुडूप निरोगी असूनही फुलत नसेल तर कारण बहुधा हेच असतं. महिन्याला बागकामाला येणारी माणसं यंत्राने सगळ्यांचेच गोळे करतात, त्यांना बजावून ठेवा. सेजला हिवाळ्याच्या अखेरीस जुन्या फांद्या बुडाशी काढणं पुरेसं. ब्लू बेल्सला हातही लावावा लागत नाही, आणि आळशी बागवानासाठी तेच त्याचं सर्वात मोठं आकर्षण.

नर्सरीतले इतर पर्याय

लँटाना म्हणजे आपली घाणेरीच, इथे पैसे मोजून विकत घेतात. उन्हाळ्यात रंग भरपूर, पण दव गोठवणारी थंडी पडली की वरून काळी पडते. बोगनवेलीचंही तेच. बुटकी कण्हेर उन्हाला चिवट आहे, पण सर्वांगाने विषारी, शिवाय तिला झायलेला जिवाणूचा करपा पडतो आणि त्यावर इलाज नाही. घरात रांगतं मूल असेल तर तिचा विचारच नको.

पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीसमोर तिन्ही तगतात; सावलीत मात्र तिन्ही लांबट होतात आणि फूल कमी देतात. जागा मोठी असेल तर पुढे ब्लू बेल्स, मागे व्हॅलेंटाइन आणि सेज आलटून पालटून लावा, म्हणजे हिवाळा आणि मॉन्सून दोन्हीत रंग राहतो. कुंडी घेताना तिच्या तळाच्या भोकांतून मुळं बाहेर आलेली आहेत का ते बघा. गोल वेटोळं घातलेल्या मुळांचं झाड स्वस्तात मिळालं तरी सोडून द्या.